आधी काम ठरवा, मग विद्यार्थी घ्या: किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात इंटर्नशिप कशी चालवावी

दिवाळीची सुट्टी संपली की कार्यालयाच्या आवक नोंदवहीत एकाच मजकुराची पत्रं जमू लागतात. ‘आमच्या महाविद्यालयातील खालील विद्यार्थ्यांना आपल्या केंद्रात प्रशिक्षणाची संधी द्यावी, ही विनंती.’ खाली नऊ नावं. प्रमुख ‘मान्य’ असा शेरा मारतात, पत्र फिरत फिरत समन्वयकाच्या टेबलावर येतं, आणि तेव्हा कुठे प्रश्न पडतो की या नऊ जणांना द्यायचं काय? मग कोणी झेरॉक्स काढतं, कोणी जुन्या बरण्यांवर लेबलं चिकटवतं, बाकीचे व्हरांड्यात मोबाइल बघत बसतात. महिन्याअखेर सगळ्यांना सारखंच प्रमाणपत्र.

हा क्रम उलटा करायचा, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. उदाहरणासाठी एक लहान केंद्र धरू: रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं, दोन मार्गदर्शक, एक प्रयोगशाळा सहायक, एक लिपिक. अशा ठिकाणी एका मार्गदर्शकामागे दोन, फार तर तीन विद्यार्थी झेपतात. म्हणजे एका तुकडीत चार ते सहा. सातव्याला नाही म्हणायला शिकावं लागतं, मग पत्र कोणाचंही असो.

कामाचा कागद

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी किंवा जोडीसाठी निवडीचं पत्र जाण्याआधीच अर्ध्या पानाचा कागद तयार हवा. त्यावर सहा गोष्टी असतात: प्रश्न, जागा, नमुन्यांची संख्या, लागणारी साधनं, शेवटी हातात काय यायला हवं, आणि होडी गेली नाही किंवा पाऊस आला तर त्या दिवशी काय करायचं. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण लिहीत नाहीत आणि नेमका तोच नडतो.

प्रश्नाचा आकार चुकला की पुढचं सगळं चुकतं. ‘रत्नागिरी किनाऱ्यावरील जैवविविधतेचा अभ्यास’ हा विषय पाच वर्षांच्या प्रकल्पाचा आहे, पाच आठवड्यांचा नाही. त्याऐवजी ‘मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या बांगड्याची लांबी डिसेंबरात आठवड्यागणिक बदलते का?’ असं विचारा. आठवड्यातले दोन दिवस, प्रत्येक खेपेला ५० मासे, चार आठवडे. म्हणजे ४०० मासे. एकजण मोजतो, दुसरा लिहितो. वजनासकट ५० माशांना दीड तास धरा, पहिल्या खेपेला अडीच. हिशेब असा कागदावर बसला, तरच काम द्यायचं.

आणखी एक कसोटी लावा: या प्रश्नाचं उत्तर केंद्रातल्या कोणाला तरी खरोखर हवं आहे का? नसेल, तर तिसऱ्या आठवड्यापासून मार्गदर्शक त्या मुलाकडे फिरकणार नाही. मार्गदर्शकाचं स्वतःचं काम अडलेलं असलं की तो आपणहून विचारतो, ‘आजचे आकडे कुठायत?’

१२० तास आणि समुद्राचं घड्याळ

नव्या शैक्षणिक धोरणानंतर बहुतेक अभ्यासक्रमांत कार्य-प्रशिक्षणाला ४ श्रेयांक (क्रेडिट) आणि एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास असतात. तुमच्याकडे येणाऱ्या महाविद्यालयाचा आकडा वेगळा असू शकतो. पत्रातच तो लिहून मागा. रोजचे ६ तास धरले तर १२० तासांचे २० दिवस होतात. आठवड्याला ६ दिवस पकडून कागदावर हे साडेतीन आठवड्यांत संपतं. प्रत्यक्षात पाच आठवडे ठेवा. एक आठवडा हवामान, आजारपण आणि बंद पडलेल्या वजनकाट्याचा असतो.

महिना कुठला? महाविद्यालयांना मे-जून सोयीचा. केंद्राला तोच सगळ्यात गैरसोयीचा. मे महिन्यात पर्यटकांमुळे खोल्या महाग, निम्मे कर्मचारी आंब्याच्या कामाला रजेवर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे जेटीवर मोजायला मासळीच नाही. पावसाळ्यात खडकाळ किनाऱ्यावर विद्यार्थी पाठवायचे नाहीत, यावर चर्चासुद्धा नको. भाद्रपदात गणपती आले की आठवडाभर कोणी जागेवर नसतं, शिमग्यात पालख्या निघाल्या की तेच. उरतो डिसेंबर ते फेब्रुवारी. समुद्र शांत, हवा कोरडी, नोव्हेंबरच्या परीक्षा झालेल्या आणि मार्च-एप्रिलच्या अजून लांब. जून-जुलैमध्ये विद्यार्थी घ्यावेच लागले, तर फक्त घरातलं काम द्या: संग्रहालयातल्या नमुन्यांची यादी, जुन्या नोंदवह्या संगणकावर घेणं, वाळवून ठेवलेल्या वाळूची चाळणी.

किनाऱ्यावरचं काम असेल तर तारखा महाविद्यालयाच्या दिनदर्शिकेवरून नाही, तिथीवरून ठरवा. कोळीवाड्यातला जुना हिशेब आजही उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन. भरती सव्वादोनला, आणि तिच्यापुढे सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. भरती सहाला, ओहोटी दुपारी सव्वाबाराला.

इथेच कार्यालयं फसतात. अष्टमीची ओहोटी भर दुपारी, अगदी कार्यालयीन वेळेत येते, म्हणून तोच दिवस ठरवला जातो. पण तेव्हा भांग असतो. पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही. मुलं चौकट (खडकावर ठेवून तिच्या आतले जीव मोजायची) घेऊन जातात, खडकाचा खालचा पट्टा पाण्याखालीच असतो, आणि अहवालात लिहून येतं की ‘खालच्या पट्ट्यात प्रजाती आढळल्या नाहीत’. काम करायचं ते उधाणाच्या दिवसांत: पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चतुर्थीपर्यंत. पौर्णिमेला ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास, चतुर्थीला सव्वानऊच्या आसपास. महिन्यातून असे दोनदा पाच-पाच दिवस, म्हणजे एकूण दहा मिळतात, त्याहून जास्त नाही. पाऊणपटीचा हिशेब तारखा निवडण्यापुरता. नेमकी वेळ आणि उंची छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायची. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या उतरत नाहीत, त्यामुळे नुसती वेळ पाहून भागत नाही.

आता संख्या मांडा. ५० सेंटिमीटरची चौरस चौकट, दोन जण, एका चौकटीला सरासरी दहा मिनिटं. कामाचा वेळ दोन तास. चौकट हलवणं आणि फोटो धरून एका दिवसात दहा चौकटी होतात. दहा दिवसांत शंभर. विद्यार्थ्याच्या प्रस्तावात ३०० चौकटी लिहिल्या असतील, तर त्या आजच खोडा. नाहीतर शेवटच्या आठवड्यात त्या खोलीत बसून भरल्या जातील.

निवड

गुणपत्रिका बघा, पण त्यावर थांबू नका. पंधरा ओळींचा एक तक्ता द्या, ज्यात तुम्हीच तीन चुका पेरल्या आहेत: एका बांगड्याची लांबी २१ ऐवजी २१० सेंटिमीटर, एक तारीख पुढच्या वर्षातली, एक ओळ दोनदा. वीस मिनिटं द्या. तीनपैकी दोन चुका पकडणारा विद्यार्थी घ्या, त्याची टक्केवारी काहीही असो.

मुलाखतीत तीन प्रश्न स्पष्ट विचारा. पहाटे साडेपाचला जेटीवर पोहोचता येईल का, आणि कसं? पहिली एसटी सहाची असेल तर उत्तर ‘हो’ असून उपयोग नाही. मासळी किंवा कोळंबीची अॅलर्जी आहे का? होडीत त्रास होतो का? घाटावरून येणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांनी समुद्र फक्त सहलीत पाहिलेला असतो. त्यात कमीपणा काही नाही, पण तुम्हाला ते आधी कळायला हवं.

निवडीचं पत्र रुजू होण्याच्या किमान ६५ दिवस आधी गेलं पाहिजे. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उशीर करणाऱ्याला प्रतीक्षायादीशिवाय काही मिळत नाही. पत्रातच राहण्याच्या दोन-तीन जागा आणि खाणावळीचा पत्ता द्या. विद्यार्थिनींच्या खोलीची जागा आधी केंद्रातल्या एखाद्या महिला सहकाऱ्याने जाऊन पाहिलेली असावी.

कागदपत्रं, थोडक्यात पण न चुकवता

महाविद्यालयाचं जावक क्रमांकासह पत्र, ओळखपत्राची प्रत, रक्तगट आणि चालू औषधांची माहिती, घरचा एक संपर्क, अपघात विम्याची प्रत, आणि होडीवर जायचं असेल तर पालकांचं संमतिपत्र. विद्यावेतन देणार असाल तर रक्कम आणि देण्याची तारीख पत्रात लिहा. देणार नसाल तर तेही तितकंच स्पष्ट लिहा. रिक्षाभाडं आणि होडीचा खर्च मात्र विद्यार्थ्याच्या खिशातून जाऊ देऊ नका. त्यासाठी किरकोळ खर्चाची अग्रिम रक्कम आधीच उचलून ठेवा, कारण बिल मंजूर होईपर्यंत मूल घरी परतलेलं असतं.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान केंद्रातली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. समितीतल्या व्यक्तींची नावं आणि दूरध्वनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात द्या. फलकावर लावून मोकळं होऊ नका.

परवानग्यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. कांदळवनात काम असेल तर वन विभागाकडे, मालवणच्या सागरी अभयारण्यात असेल तरीही तिकडेच अर्ज करायचा, आणि तो निदान दोन-तीन महिने आधी. प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्री काकडी, समुद्रघोडे हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. लाटेने वाहून आलेला प्रवाळाचा तुकडा ‘आठवण’ म्हणून बॅगेत टाकणारा विद्यार्थी प्रत्येक तुकडीत एक असतोच. त्याला समजावण्याची वेळ आधीची आहे, स्टेशनवरची नाही.

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी चार तासांचं व्याख्यान ठेवू नका. सकाळी तासभर कार्यालयाची ओळख, मग थेट कामाची जागा. दुपारी प्रयोगशाळा.

किनाऱ्यावरचे नियम तोंडपाठ करून घ्या. पायात रबरी तळाचे बूट, चप्पल नाही. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात आणि ती जखम चिघळते, म्हणून लगेच गोड्या पाण्याने धुऊन औषध लावायचं. वाळूत उथळ पाण्यात पाय घासत चालायचं म्हणजे दबून बसलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं. ओहोटीच्या वेळेआधी दीड तास उतरायचं आणि ओहोटीनंतर अर्ध्या तासात खडकावरून परतायचं. पाणी सहा तासांत सारख्या वेगानं चढत नाही: एकूण चढाचा पहिल्या तासात बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणून पहिला तास ‘अजून वेळ आहे’ असं वाटतं आणि तिसऱ्या तासात मागची घळ भरलेली असते. एकट्याने जायचं नाही. मागे किनाऱ्यावर एकजण घड्याळ बघत उभा.

होडीवर डोकी तितकी जीवरक्षक जाकिटं, आणि ती घातलेली, बसायला घेतलेली नाहीत. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी सागरी माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाज पाहा. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल तर पुढचं बोलणंच नको. आणि तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, नको म्हणाला, की नको. त्याच्याशी वाद घालणारा मार्गदर्शक बदलावा.

प्रयोगशाळेत दोन द्रावणं विद्यार्थ्यांना स्वतः करता आली पाहिजेत. बाजारात मिळणारं फॉर्मॅलिन १०० मिली आणि समुद्राचं पाणी ९०० मिली, हे झालं १० टक्के फॉर्मॅलिन. त्यात चिमूटभर टाकणखार, नाहीतर आम्ल वाढून शिंपल्यांची कवचं विरघळतात. उघड्या खिडकीपाशी, हातमोजे आणि चष्मा घालून. ७० टक्के अल्कोहोलसाठी ९५ टक्क्यांचं ७०० मिली घ्यायचं आणि पाणी घालून ९५० मिलीपर्यंत न्यायचं. पुढे डीएनए काढायचा असेल तर तो नमुना फॉर्मॅलिनमध्ये मुळीच टाकायचा नाही, थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. लेबल पेन्सिलीने, जाड कागदावर, बरणीच्या आत. बाहेरचं बॉलपेनचं लेबल पहिल्या पावसाळ्यात कोरं होतं, आणि कपाटात तीस बेवारस बरण्या उरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळ लिलावाच्या वेळी जेटीवर. नावांचा घोळ इथेच मिटवायचा. तारली आणि पेडवे वेगळे. घाईत दोन्ही एकाच टोपलीत आणि एकाच रकान्यात जातात. शिंपल्यांना एका गावात तिसऱ्या म्हणतात, पुढच्या गावात दुसरंच काही. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःची यादी करावी: ऐकलेलं नाव, कोणत्या गावात, फोटो क्रमांक, शास्त्रीय नाव. शास्त्रीय नाव मार्गदर्शकाने पाहिल्याशिवाय भरायचं नाही. आणि मासे विकणाऱ्या बाईच्या टोपलीला हात लावण्याआधी विचारायचं: ‘मावशी, दहा बांगडे मोजून परत ठेवू का?’ ऐन विक्रीत नाही, गिऱ्हाईक ओसरल्यावर. लिलाव चालू असताना मापपट्टी काढणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी उभं करत नाही, आणि त्याचा त्रास पुढच्या सगळ्या तुकड्यांना होतो.

रोजचे आकडे

काम बिघडतं ते इथे, आणि हळूहळू, कोणाला कळू न देता.

बांगड्याचंच घ्या. लांबी कुठून कुठे? तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी, की शेपटीच्या खाचेपर्यंतची? दोघांनी दोन पद्धतींनी मोजलं तर दुसऱ्या आठवड्यात मासे अचानक ‘लहान’ होतात. पद्धत एकच, ती नोंदपत्रकाच्या डोक्यावर छापलेली. बर्फातून काढलेला मासा फडक्याने टिपल्याशिवाय वजन करायचं नाही, कारण पाण्याचं वजनही काट्यावर येतं. काटा दर दहा माशांनंतर शून्यावर आणायचा. खवले आणि चिकट पाणी पाटावर साचत राहतं. रोज काम सुरू करताना माहीत असलेल्या वजनाचं एक माप ठेवून काट्याची नोंद घ्या. तो आकडा सरकू लागला की बॅटरी उतरली.

नोंद आधी कागदावर, मग संगणकावर, त्याच दिवशी. ‘उद्या भरतो’ म्हटलेलं पत्रक ओल्या खिशातून बाहेर येतं. संगणकावर तारीख नीट पाहा: ५/१२ लिहिलं की काही यंत्रं ती १२ मे धरतात. महिना अक्षरांत लिहा. आकडे सगळ्यांनी एकाच लिपीत भरा; देवनागरी अंक काही ठिकाणी मजकूर समजले जातात, बेरीज चुपचाप कमी येते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मोजलं नाही तिथे रकाना रिकामा ठेवायचा, शून्य घालायचं नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि सापडलं नाही.

दर शनिवारी अर्धा तास बैठक, चहासकट. तीनच प्रश्न: किती झालं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात ओहोटी कधी. मार्गदर्शकाने त्या आठवड्याच्या दहा नोंदी मूळ कागदाशी पडताळून सही करायची. दहापैकी दोन चुकल्या तर सगळ्या तपासायच्या.

फोटो आणि समाजमाध्यमं यांबद्दल नियम पहिल्याच आठवड्यात लेखी द्या. कासवाच्या घरट्याचा नेमका ठिकाणा दाखवणारा फोटो टाकायचा नाही. कातळशिल्पांवर काम करणाऱ्या केंद्रांनी आणखी एक घालावा: रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रंग भरायचा नाही, सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन पुरतं.

बिनसतं तेव्हा

६० तास झाले की एकेकट्याशी बोला. तोवर नोंदवही रिकामी असेल तर कारण बहुधा आळस नसतो. खोली लांब असते, खाणावळ बंद झालेली असते, जोडीदाराशी पटत नसतं, किंवा काय करायचं तेच कळलेलं नसतं आणि विचारायची लाज वाटते. काम अर्ध्यावर आणा, जोडी बदला. ६० तासांनंतर नवा विषय मात्र देऊ नका.

आणि इंटर्न म्हणजे फुकटचा लिपिक नव्हे. दहा तासांतला एक तास कार्यालयाच्या कामाला गेला तर हरकत नाही, त्यातूनही तो शिकतो. चार तास गेले तर त्या अहवालावर सही करताना तुम्हालाच अवघड वाटेल.

शेवटचे २४ तास

१२० पैकी शेवटचे २४ तास लिखाणाला राखून ठेवा आणि त्या काळात किनाऱ्यावर पाठवू नका, ओहोटी कितीही चांगली असो. अहवाल आठ-दहा पानांचा: प्रश्न, पद्धत, तक्ते, काय दिसलं, काय चुकलं. ‘काय चुकलं’ हे पान सक्तीचं. पुढच्या तुकडीला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

प्रमाणपत्रावर ‘एक महिना’ लिहू नका. तास लिहा: ‘दि. अमुक ते अमुक, एकूण १२० तास’, खाली जावक क्रमांक, सही, गोल शिक्का. तास नसले की विद्यापीठाकडून श्रेयांक अडतात आणि तेच पत्र मे महिन्यात, प्रमुख रजेवर असताना, तुमच्याकडे परत येतं. हजेरीपटाची सही केलेली प्रत सोबत जोडा.

प्रमाणपत्र निरोपाच्या चहाबरोबर वाटायचा मोह आवरा. आधी चार गोष्टी परत घ्या: मूळ कागदी पत्रकं, संगणकावरची फाइल, प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक सांगणारं एक पान, आणि किल्ल्या-साधनं नोंदवहीप्रमाणे. फाइल मार्गदर्शकाने स्वतःच्या संगणकावर उघडून पाहायची. पेन ड्राइव्हवर नुसतं नाव दिसतंय एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. मगच सही. कागदी पत्रकं प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह, जमिनीपासून वरच्या फळीवर ठेवा, आणि पिशवीवर पुढच्या डिसेंबरच्या अमावास्या-पौर्णिमेच्या तारखा लिहून ठेवा.